माल्टात बोट-सफर निवडताना: आधी माणसं, मग वारा, तिकीट सगळ्यात शेवटी

माल्टात राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे पुण्या-मुंबईहून, दुबईहून, लंडनहून कुणी ना कुणी येतं. येण्याआधी बहुतेकांचा निरोप ठरलेला असतो: "बोटीचं तिकीट काढून ठेवलंय." आणि इथे पोचल्यावर कळतं की बोट भलत्याच धक्क्यावरून सुटतेय, किंवा आजीला ती झेपणारी नाही, किंवा नेमका त्याच दिवशी वारा सुटलाय. पैसे तर जातातच, पण सहा दिवसांच्या सुट्टीतला एक दिवस हकनाक जातो याचं मला जास्त वाईट वाटतं.

चूक जवळजवळ सगळ्यांची एकच असते. फोटो पाहून बोट ठरवतात, मग दिवस ठरवतात, आणि माणसांचा विचार बोटीत चढताना करतात. हा क्रम उलटा करायचा आहे. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या, मधली एकही गाळू नका.

१. सोबत कोण आहे ते लिहून काढा

कागद घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: पोहता येतं का, गुडघे-कंबर कशी आहे, गाडी लागते का, किती वेळ उन्हात बसवेल. घाटात बसमध्ये ज्याला मळमळतं त्याला बोटही लागेल असं धरून चाला.

या यादीतल्या सगळ्यात नाजूक माणसाला जी बोट झेपेल तीच सगळ्या कुटुंबाची बोट. हे पटत नसेल तर त्या दिवशी सरळ दोन गट करा. तरुण मंडळी कोमिनो बेटावर पोहायला जाऊ देत, आई-बाबा बंदरातल्या फेरीला. दोन्ही गट संध्याकाळी खुशीत भेटतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

माझी आई आली तेव्हा मीच हे विसरले होते. बोट मोठी होती, बसायला सावली होती, सगळं छान होतं. पण पोहायला उतरायचं ते बोटीच्या मागच्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या शिडीवरून. आई उतरली सहज. वर येताना मात्र शिडीची खालची पायरी पाण्याखाली, ओली आणि गुळगुळीत, त्यात बोट डोलतेय, म्हणजे पायरी एकदा गुडघ्याशी येते आणि एकदा पोटाशी. हातांनी स्वतःला ओढून घ्यावं लागतं, आणि पासष्टीच्या खांद्यात तो जोर नसतो. दोन खलाशांनी दंडाला धरून तिला वर घेतलं. तिला काही इजा झाली नाही, पण त्यानंतर दिवसभर ती गप्प होती.

तपासा: तुमच्यातला प्रत्येक जण ओल्या शिडीवरून स्वतःच्या हातांच्या जोरावर वर येऊ शकतो का? नाही, तर पायऱ्यांचा रुंद जिना असलेली बोट शोधा, किंवा त्या व्यक्तीने पाण्यात न उतरण्याचं आधीच ठरवा.

२. समुद्रावरून नेमकं काय हवंय?

"बोट-सफर" या एका शब्दाखाली इथे निदान पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

निळं उथळ पाणी आणि पोहणं हवं असेल तर कोमिनो. माल्टा आणि गोझो यांच्या मधलं हे छोटं बेट, आणि ब्लू लगून म्हणजे कोमिनो व शेजारच्या कोमिनोत्तो या खडकाळ तुकड्यामधलं पाणी. इथे झाड नाही, सावली नाही, वाळू जेमतेम, बाकी सगळा खडक. पोहायचं नसेल तर भर दुपारी तिथे तीन तास काढणं ही शिक्षा आहे.

गुहा पाहायच्या असतील तर दक्षिण किनाऱ्यावरचा ब्लू ग्रोटो. वीद इझ-झुर्री या चिमुकल्या धक्क्यावरून आठ-दहा माणसांच्या होड्या सुटतात, फेरी वीस-पंचवीस मिनिटांची. सकाळचं ऊन गुहेत शिरतं तेव्हा तळातून निळा उजेड वर येतो. दुपारनंतर ती मजा राहत नाही, म्हणून तिथे सकाळीच जा. गोझोमध्ये द्वेयरा इथे अशीच एक छोटी फेरी आहे. खडकांनी वेढलेल्या तळ्यातून होडी निघते आणि डोंगरातल्या अरुंद बोगद्यातून थेट उघड्या समुद्रात येते. माझ्या मते पैशाच्या मानाने माल्टातली ही सगळ्यात समाधान देणारी फेरी आहे, आणि बाहेरून येणारे नेमकी हीच सोडतात.

तटबंदी, जहाजं, जुनी शहरं पाहायची असतील तर राजधानी व्हॅलेटाच्या दोन्ही बाजूंची बंदरं: ग्रँड हार्बर आणि मार्सामशेट. व्हॅलेटासमोरच्या स्लीमा या शहरातून निघणारी दोन्ही बंदरांची फेरी साधारण दीड तासाची असते. त्याहून साधी आणि मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे डायसा, इथली पारंपरिक लाकडी होडी. व्हॅलेटाच्या पायथ्यापासून पलीकडे बिरगूला काही मिनिटांत सोडते. वरच्या बराक्का बागेपासून खाली बंदराच्या पातळीला यायला ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही हे सहज जमतं.

गोझो बेट पाहायचं असेल तर सफरीची बोट घेऊच नका. माल्टाच्या चिरकेव्वाहून गोझोच्या इम्जार बंदराला मोठी फेरीबोट जाते, पंचवीस मिनिटं लागतात, रात्रंदिवस चालू असते. जाताना तिकीट काढावं लागत नाही, पैसे परतताना इम्जारला घेतात. व्हॅलेटाहून इम्जारला जलद बोटही आहे, सुमारे पाऊण तासात पोचवते. गोझोला पूर्ण दिवस द्या.

आणि सिसिली, म्हणजे इटलीचं बेट. व्हॅलेटाहून जलद जहाज पावणेदोन-दोन तासांत तिथल्या पोत्सालो बंदराला नेतं. इटलीही शेंगेनमध्येच असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चालतं. मात्र पासपोर्ट प्रत्येकाचा सोबत हवा, लहान मुलांचासुद्धा. पहाटे अंधारात निघून रात्री उशिरा परत, असा तो दिवस असतो. लहान मुलं असतील तर मी नको म्हणेन.

सावधान: "एका दिवसात तीन बेटं" हा पर्याय सगळ्यात जास्त विकला जातो आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त तक्रारी ऐकू येतात. हिशेब करा. सकाळी दहाला निघून संध्याकाळी सहाला परत, म्हणजे आठ तास. त्यातले तीनेक तास प्रवासात, तास-दीड तास चढ-उतार आणि रांगेत. उरलेल्यात गोझोचा वाटा दोन तासांचा, त्यातही बसने व्हिक्टोरियाला, म्हणजे गोझोच्या मुख्य शहराला, जाऊन यायचं. गोझो पाहिलं असं म्हणता येत नाही आणि कोमिनोचं पाणीही पुरेसं मिळत नाही.

३. धक्का कुठला, हे नकाशावर बघा

देश लहान आहे म्हणून लोक गाफील राहतात. पण मोठ्या सफरी स्लीमा किंवा उत्तरेकडच्या बुजिब्बाहून सुटतात आणि कोमिनोच्या छोट्या होड्या चिरकेव्वा-मार्फाहून. चिरकेव्वा म्हणजे बेटाचं उत्तरेचं टोक. स्लीमाहून २२२ क्रमांकाची बस तिथे जाते, उन्हाळ्यात सव्वा तास सहज, आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरलेली बस थांब्यावर न थांबता निघून जाते. ब्लू ग्रोटोला व्हॅलेटाहून ७४ क्रमांकाची बस.

हिशेब असा ठेवा: स्लीमाला राहत असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर स्लीमाच्या धक्क्यावरूनच निघणारी बोट घ्या, थोडी महाग पडली तरी. उत्तरेकडच्या मेलिहा किंवा बुजिब्बाला उतरला असाल तर चिरकेव्वाहून छोटी होडी. ती वीसेक मिनिटांत कोमिनोला सोडते, आणि परत केव्हा यायचं ते तुमच्या हातात राहतं. तुम्ही स्वतः पोहणारे, धडधाकट असाल तर डोळे झाकून हा दुसरा पर्याय घ्या.

पाट्यांवरची नावं गोंधळात टाकतात. माल्टी भाषेत गोझोला आवदेश म्हणतात आणि कोमिनोला केम्मुना. बसमध्ये किंवा धक्क्यावर ही नावं दिसली तर आपण चुकलो असं समजू नका.

४. वारा वाचायला शिका

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही, म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

आपल्याकडे होडीवाला आधी भरती-ओहोटी बघतो. मालवणला, मांडव्याला, सगळीकडे पाण्याची वेळ सांभाळावी लागते. भूमध्य समुद्रात हा प्रश्नच नाही. माल्टात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. इथे सगळं ठरवतो तो वारा. आणि वाऱ्याबद्दल दोन गोष्टी बघायच्या असतात: जोर किती आणि दिशा कुठली. ऊन आहे की ढग आहेत याला बोटीच्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही. लख्ख ऊन पडलेलं असताना बोटी रद्द झालेल्या पाहून पाहुण्यांना फसवणूक वाटते, पण ती फसवणूक नसते.

तीन वारे लक्षात ठेवा.

मय्यिस्त्राल, वायव्येचा. वर्षभर सगळ्यात जास्त वाहणारा हाच. हा जोरात असला की माल्टा-गोझोमधलं पाणी खवळतं आणि पश्चिमेला उघडी असलेली द्वेयराची फेरी बंद पडते. पण दक्षिणेचा किनारा उंच कड्यांच्या आडोशाला असतो, त्यामुळे त्या दिवशी ब्लू ग्रोटो बहुधा चालू असतो.

श्लोक, आग्नेयेचा. नाव खरंच असंच उच्चारतात, त्यामुळे मराठी माणूस ते विसरत नाही. दमट, अंग चिकचिकवणारा वारा. हा आला की ब्लू ग्रोटोच्या होड्या बंद, आणि उत्तरेकडचे किनारे शांत.

ग्रिगाल, ईशान्येचा. हा थंडीत जास्त असतो. थेट स्लीमा, बुजिब्बा आणि ग्रँड हार्बरच्या तोंडावर आदळतो. मोठ्या सफरीच्या बोटी रद्द होतात त्या बहुधा याच्यामुळे.

म्हणजे एका वाऱ्याने एक बाजू बंद झाली तरी दुसरी उघडी असते. ज्यांना हे माहीत असतं ते त्या दिवशी बेत बदलतात. ज्यांनी महिनाभर आधी पैसे भरलेले असतात ते हॉटेलात बसून राहतात.

जोर कसा वाचायचा? माल्टाच्या विमानतळावरचं हवामान कार्यालय रोज अंदाज देतं. त्यात वाऱ्याची दिशा आणि "फोर्स" असा आकडा असतो. फोर्स ३ पर्यंत निर्धास्त जा. फोर्स ४ म्हणजे ११ ते १६ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). मोठ्या बोटीला काही वाटत नाही, छोट्या होडीत मात्र अंगावर पाणी उडतं, आणि ज्याला बोट लागते त्याने त्या दिवशी बंदराच्या आतली फेरीच घ्यावी. फोर्स ५ म्हणजे १७ ते २१ नॉट. त्या दिवशी मी पाहुण्यांना समुद्रावर पाठवत नाही. गोझोची मोठी फेरीबोट तेवढी अपवाद.

त्याच अंदाजात लाटांची वेगळी ओळ असते, तीही वाचा. रात्री वारा पडला तरी समुद्र लगेच निवत नाही. आदल्या दिवशी दणकून वारा होता आणि सकाळी झाडाचं पानही हलत नाही, अशा वेळी लोक खुशाल निघतात आणि बोटीत आडवे होतात.

तपासा: सुट्टीचे सगळे दिवस ओळीने लिहा, प्रत्येकापुढे वाऱ्याची दिशा आणि फोर्स. चार-पाच दिवसांपलीकडचा अंदाज धरू नका. त्यातला सगळ्यात शांत दिवस बोटीचा. संग्रहालयं आणि चर्च वाऱ्यातही पाहता येतात.

५. जाहिरात नीट वाचा, आणि जे लिहिलेलं नाही ते विचारा

स्लीमाच्या धक्क्यावर टपऱ्यांची रांग आहे, प्रत्येकीवर लॅमिनेट केलेले फोटो. त्यातल्या एखाद्या फोटोत अजूनही समुद्रात उभी असलेली दगडी कमान दिसते. ती द्वेयराची ॲझ्युर विंडो, आणि ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. जो विक्रेता ती अजून दाखवतो त्याचं वेळापत्रक आणि दर किती ताजे असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

पैसे देण्याआधी हे विचारा:

• कोमिनोला बोट काठाला लागते की पाण्यातच नांगर टाकून उभी राहते? नांगर टाकणार असेल तर न पोहणाऱ्याला दिवसभर बोटीवरच बसावं लागेल.
• पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ? एकूण किती तासांची सफर हे नको, नांगर टाकल्यापासून उचलेपर्यंतचा वेळ सांगा म्हणावं.
• सावलीत बसायला सगळ्यांना जागा आहे का, की फक्त आधी येणाऱ्यांना?
• शौचालय आहे का? छोट्या होड्यांवर नसतं.
• तरंगायला काही मिळतं का? लाइफ जॅकेटं आणीबाणीसाठी असतात, ती घालून पोहू देतीलच असं नाही.
• जेवण धरलं असेल तर त्यात शाकाहारी नेमकं काय? इथल्या ताटात थंड पास्ता आणि पाव बहुतेक असतो, पण फ्तीरा नावाच्या पावात बहुधा ट्यूना मासा भरलेला असतो.

बोटीचा प्रकारही बघा. शिडं असलेल्या देखण्या बोटी बहुतेक वेळा इंजिनावरच चालतात. त्या संथ आणि आरामशीर असतात. रबरी कडांची वेगवान बोट गुहांच्या आत शिरते खरी, पण लाटेवरून आपटत जाते. कंबरदुखी असलेल्यांना आणि गरोदर बायकांना तिच्यात बसवू नका. काचेचा तळ असलेल्या बोटीकडून फार अपेक्षा ठेवू नका. पाणी नितळ असतं, पण मासे आपल्या मनात असतात तेवढे रंगीबेरंगी आणि भरपूर नसतात.

६. आता पैसे भरा

आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी, अंदाज पाहून. जुलै-ऑगस्टमध्ये माणसं जास्त असतील तर तीन दिवस आधी, पण फुकट रद्द करता येत असेल तरच. भारतातून महिनाभर आधी काहीही भरू नका.

बोटीचा दिवस सुट्टीच्या पहिल्या भागात ठेवा, म्हणजे रद्द झाली तरी दुसरा दिवस हाताशी राहतो. परतीच्या विमानाच्या दिवशी बोट कधीच नको. बोट त्यांनी रद्द केली तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा निरोपही पुरतो.

सावधान: २०२५ च्या मे महिन्यापासून ब्लू लगूनच्या काठावर उतरायचं तर वेळ आधी ऑनलाइन नोंदवावी लागते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे भाग केलेले आहेत. तुम्हाला क्यूआर कोड मिळतो आणि तो दाखवला की मनगटावर पट्टा बांधतात. बोटीच्या तिकिटात ही नोंदणी धरलेली असेल असं गृहीत धरू नका, विचारा. आणि नोंदणीची वेळ व बोटीची वेळ जुळते का ते बघा. दुपारची नोंदणी आणि सकाळची बोट, हा घोळ मी एका उन्हाळ्यात दोनदा निस्तरलाय.

निवड असेल तर सकाळची पहिली बोट घ्या. मोठ्या बोटी येऊन लागल्या की खडकावर टॉवेल टाकायलाही जागा उरत नाही.

७. आदल्या रात्रीची तयारी

अंदाज पुन्हा एकदा बघा. धक्क्यावरची नेमकी जागा नकाशात जतन करा, कारण स्लीमाचा धक्का लांबलचक आहे आणि बोटी एकीला लागून एक उभ्या असतात.

पिशवीत: माणशी दोन लिटर पाणी, टोपी, अंगभर पातळ सुती कपडा, सनक्रीम, टॉवेल, पाण्यातही पायात राहतील असे रबरी तळाचे बूट. खडक धारदार आहे आणि कपारींत काळे काटेरी समुद्री गोळे असतात. त्यांचा काटा तळव्यात मोडला की सुट्टी लंगडत काढावी लागते. खायला ठेपले, दशम्या, चिवडा बिनधास्त न्या. नाहीतर धक्क्याजवळून पास्तित्सी, म्हणजे इथले सारण भरलेले खुसखुशीत पफ, घ्या. त्यात वाटाण्याची आणि रिकोट्टा चीजची अशी दोन प्रकारची मिळतात, पण पूर्ण शाकाहारी आहेत ना ते विचारून घ्या.

बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. डॉक्टरांना विचारून ती भारतातूनच आणा. सकाळी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलेपाकाच्या वड्या सोबत असू द्या, माझ्या बाबांना त्यांचा खरोखर उपयोग झाला.

विम्याचा कागदही वाचा. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा असतोच, पण पाण्यातले खेळ त्यातून वगळलेले असू शकतात.

८. बोटीवर

चढल्याबरोबर सगळे वरच्या डेककडे धावतात. बोट लागणाऱ्याने तसं करू नये. वर डोलणं जास्त जाणवतं. खालच्या डेकवर, मध्यावर किंवा थोडं मागे बसा, आणि नजर फोनवर नको, दूर क्षितिजावर ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी. एक, काठावर जांभळा झेंडा असेल तर पाण्यात जेलीफिश आहेत; इथे त्यांना ब्राम म्हणतात. झेंडा नसला तरी खलाशाला "ब्राम?" एवढं विचारा, तो खरं सांगतो. दुसरं, तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने आखलेल्या भागाबाहेर जाऊ नका. पलीकडून बोटी सतत ये-जा करतात आणि त्यांना पाण्यातलं डोकं सहज दिसत नाही. लगूनमध्ये काठाशी पाणी कंबरेएवढं असलं तरी चार पावलांवर पायाखालचा तळ जातो, म्हणून न पोहणाऱ्या मुलांना हाताच्या अंतरावर ठेवा. कुठलीही आणीबाणी आली तर क्रमांक ११२.

परतीची वेळ उतरतानाच खलाशाकडून ऐकून घ्या आणि बोटीचं नाव दिसेल असा तिचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळी धक्क्यावर पाच-सहा सारख्याच बोटी उभ्या असतात. छोट्या होडीने आला असाल तर शेवटच्या फेरीवर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा. शेवटच्या फेरीला सगळं बेट धक्क्यावर लोटतं आणि रांगेत तासभर उभं राहावं लागतं, तेही ओल्या कपड्यांत, मुलं पेंगुळलेली असताना.